गोधडीआडची डार्करूम

कॉलेजात आमचा फोटोंचा क्लब निघाला तेव्हा त्यात मुलगी मी एकटीच. प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली आम्ही डार्करूमसाठी मागून घेतली. झाडलोट केली, खिडकीच्या काचांना काळा रंग फासला. तरी दाराच्या फटींतून उजेड यायचाच. मग मी घरून आईची जाड गोधडी आणली, खिळे ठोकून दारावर टांगली, तेव्हा कुठे आत मिट्ट काळोख झाला.

काळोख झाला आणि क्लब बघणाऱ्या सरांना एकदम जाग आली. मुलं-मुली एकत्र, आणि अंधारात? छे! "तू रोल देत जा, मुलं छापून देतील," म्हणाले. मी मुकाट्यानं दिला. त्यात माझ्या बाबांचा फोटो होता. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते भट्टीवर होते. फर्स्ट शिफ्ट करून आले, तसेच त्यांना दारात उभं करून मी तो काढला होता.

छापलेला फोटो हातात आला आणि मी बघतच राहिले. चेहरा पिठासारखा पांढरा. कपाळावरच्या आठ्या नाहीत, गालावरचा भाजल्याचा डाग नाही. छापणारा मुलगा मात्र खुशीत. "कागद दिव्याखाली कमी वेळ ठेवला. काका कसे उजळ आलेत बघ. स्टुडिओवालेही असंच करतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझ्या बापाला गोरं करायला तुला कुणी सांगितलं रे? भट्टीपुढे उभं राहून त्यांनी मला कॉलेजात धाडलं, त्या चेहऱ्याची तुम्हाला लाज वाटते? सगळं तोंडावर बोलले. मग गोधडी उतरवली, काखोटीला मारली आणि संत तुकाराम नगरला घरी आले.

मुलांनी दारावर चादर टांगून बघितली, पण उजेड आत यायचाच. कागद औषधात टाकला की नुसता काळा. गॅदरिंगचं प्रदर्शन तोंडावर आलेलं, आणि आपापल्या आईकडे गोधडी मागायचं एकालाही धाडस होईना. शेवटी आले आमच्या दारात. नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, ते काही खोटं नाही.

"गोधडी आता आमच्या मोरीच्या दाराला लागलीय," मी म्हणाले. "फोटो मोठे करायचं यंत्र इथं आणा. पण पहिली मी आत जाणार."

यंत्र सायकलला बांधून आणलं त्यांनी. मी आत जाऊन कडी लावली. आई बाहेर तांदूळ निवडत बसली. कुणी घाई केली की म्हणायची, "थांबा की वाईच. आत माझी लेक हाय."

कागद हवा तितका वेळ दिव्याखाली ठेवला. लाल दिव्याच्या मंद उजेडात, औषधात आधी आठ्या उमटल्या, मग गालावरचा डाग. मला रडूच आलं. डोळे पुसले आणि पुढचा कागद घेतला.

प्रदर्शनात सर त्या फोटोपुढे थांबले. "चांगला आहे. जरा काळा आलाय, नाही?"

बाबा धुतलेला सदरा घालून माझ्या मागेच उभे होते. मी त्यांचा हात धरून त्यांना पुढे आणलं.

"बाबा काळेच आहेत, सर. हे बघा. आणि फोटो मी छापलाय."