रद्द केलेली प्रत

सांगवीच्या त्या सोसायटीत कुणाच्या घरी लग्न निघालं की पत्रिका छापून येईपर्यंत ती उद्धवरावांच्या नजरेस पडू द्यायची नाही, असा जणू ठरावच झाला होता. दाखवली की पट्टी निघायची. वरचा समास जास्त, खालचा कमी, वराचं नाव जाड आणि वधूचं बारीक. माणूस लाख चांगला, पण वाकडी ओळ दिसली की त्याच्या घशाखाली घास उतरत नसे.

खोड जुनी होती आणि नोकरीनं लावलेली होती. औशाकडून आलेला हा माणूस चाकणच्या एका कारखान्यात शिपाई म्हणून लागला आणि कागदपत्रं सांभाळता सांभाळता तिथूनच निवृत्त झाला. जाडजूड मॅन्युअलं त्यांच्या हाताखालून जायची. पहिल्या पानावर हेडिंग जसं, तसंच शेवटच्या पानावर. त्याहून मोठा नियम म्हणजे नवी प्रत निघाली की जुनी त्याच दिवशी गोळा करायची आणि फाडून टाकायची. चुकून एखाद्या मशीनपाशी जुनं ड्रॉइंग राहिलं तर अख्ख्या शिफ्टचा माल भंगारात. हा नियम त्यांनी एकादशीसारखा पाळला.

एकुलती लेक वर्षाली मात्र अगदी उलटी. ज्यांची शेतं कारखान्यांत गेली आणि ज्या पुढं त्याच कारखान्यांच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला लागल्या, अशा चाकणकडच्या बायकांवर ती पुस्तक लिहीत होती. हेडिंग मध्यभागी आणायला स्पेसबार दाबत बसायची. एका प्रकरणाचा फॉन्ट दुसऱ्याला नाही. उद्धवराव सांगून थकले, की बाई, एकदा स्टाईल ठरव आणि सगळीकडं तीच लाव. "बाबा, आधी लिहून तर होऊ दे," ती हसून म्हणायची. बापलेकीचं भांडण काय ते एवढंच.

मग तिच्या डोक्यात गाठ निघाली. गाठीचा दाब डोळ्यांच्या नसेवर होता, त्यामुळं दिसणं हळूहळू कमी होत गेलं. पण लिहिणं तिनं सोडलं नाही. दिसेनासं झालं की अक्षर मोठं करायचं आणि पुढं जायचं. उद्धवराव हॉस्पिटल, रिपोर्ट आणि औषधं यांत बुडालेले होते. लॅपटॉपच्या बाजूला ते फिरकतच नसत. वाढत जाणारी ती अक्षरं त्यांना बघवत नव्हती, हे खरं कारण. लेकीजवळ बसायची ती तिची आई, सुभद्राबाई.

वर्षाली गेली. उन्हाळा सरल्यावर तिची मैत्रीण निशिगंधा घरी आली. पुस्तक छापू या म्हणाली, पण काका, फाईल नीट लावून द्यावी लागेल. उद्धवरावांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा सकाळी उठायला काहीतरी कारण मिळालं.

त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिली प्रकरणं नेहमीच्या अक्षरात होती. पुढं अक्षर थोडं मोठं, मग आणखी मोठं, आणि शेवटच्या प्रकरणात तर पानावर जेमतेम चार ओळी. मधेच नुसती मोकळी जागा, कुठं बोट दाबलेलं राहून एकच अक्षर ओळभर पसरलेलं. पोरीचं आजारपण त्या फाईलमधून पायरी पायरीनं उतरत गेलं होतं. उद्धवरावांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि मनाशी ठरवलं, की हे कुणाला दिसता कामा नये. वाचणाऱ्याला आपली लेक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत धडधाकटच दिसली पाहिजे. बापाच्या हातात आता एवढंच होतं.

आणि त्यांनी ते करून दाखवलं. सगळी हेडिंगं एका मापाची, सगळा मजकूर एका फॉन्टात, समास सरळ. कुठून तिचे डोळे गेले ते शोधूनही सापडलं नसतं. फाईल निशिगंधाला पाठवली आणि हात सवयीनं पुढच्या कामाला लागला. लॅपटॉपवरची जुनी फाईल काढून टाकली, पेनड्राइव्हवरची काढली, ईमेलमधलीही काढली. निशिगंधाला फोन करून तिच्याकडची जुनी प्रत डिलीट करायला लावली. न जाणो, छापखान्यात चुकीची गेली तर? दुसऱ्या दिवशी परत फोन करून खात्री करून घेतली.

त्या संध्याकाळी सुभद्राबाई हात पुसत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. चौथी शिकलेली बाई, उद्धवरावांच्या माहितीत तरी कधी लॅपटॉपकडं वळली नव्हती.

"ते मोठ्या अक्षराचं काढा की," त्या म्हणाल्या. "शेवटाला तिला दिसत नव्हतं, मी वाचून दाखवायची. अक्षर दाबायला बोट कुठं ठेवायचं ते ती विचारायची, मी दाखवायची अन् उमटलेलं वाचायची. बिनचष्म्याचं वाचता यायचं मला."

उद्धवरावांना हे माहीतच नव्हतं. शेवटचं प्रकरण मायलेकींनी मिळून लिहिलं होतं, आणि ते स्वतः तेव्हा औषधांच्या रांगेत उभे होते.

त्यांनी निशिगंधाला फोन लावला. ती बिचारी रडवेली झाली. म्हणाली, काका, जुनी प्रत डिलीट कर म्हणून तुम्हीच तर दोनदा सांगितलं होतं.

मग त्यांनी ते प्रकरण उघडलं, सगळा मजकूर निवडला आणि अक्षर मोठं केलं. पानावर चार ओळी आल्या. लॅपटॉप बायकोकडं वळवला. सुभद्राबाई ओठ हलवत दोन ओळी वाचत गेल्या आणि थांबल्या.

"हे तुमचं झालं," त्या म्हणाल्या. "तिचं असं सरळ नव्हतं. मधी जागा सुटलेली असायची. तिथं ती दम खायची."

उद्धवरावांना हुंदका आवरला नाही. जन्मभर ज्यानं ओळी सरळ केल्या, त्या माणसानं लॅपटॉप पुन्हा पुढ्यात ओढला आणि विचारलं, "कुठं सुटायची जागा? सांग, मी सोडतो."

सुभद्राबाईंनी एका शब्दापाशी बोट ठेवलं. उद्धवरावांनी तिथं स्पेसबार दाबला. बोट पुढच्या ओळीवर गेलं, थोडं मागं आलं, परत पुढं गेलं. मग सुभद्राबाईंनी हात मांडीवर घेतला.

"न्हाई आठवत," त्या म्हणाल्या.