कापसात ठेवलेला लॅपटॉप

अमडापूरच्या बाजारात कादर जुने लॅपटॉप विकतो आणि दुरुस्तही करतो. त्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला वस्तूच्या आधी मत मिळतं. बारीक, चकचकीत लॅपटॉप त्याला मुळीच पटत नाही. आपल्या भागात लाइट जाते, धूळ उडते, एसटीत धक्के बसतात. म्हणून जाड घ्या, बॅटरी निघणारी घ्या, बिजागरी चार वेळा उघडून मिटून बघा, असं त्याचं म्हणणं. रंग निवडत बसणाऱ्याला तो विचारतो, "लग्नाले नेतं का बे याले?" चार्जर मूळचाच हवा आणि बॅगेच्या कापडापेक्षा आतला फोम बघावा, हेही तो न विचारता सांगतो.

बोंडअळीच्या आदल्या वर्षी धम्मरत्न नावाच्या तरुणाने त्याच्याकडून असाच एक जाड लॅपटॉप घेतला. तो तलाठी भरतीचा अभ्यास करत होता. प्रश्न आणि उत्तरं स्वतःच्या आवाजात त्यात भरायचा आणि संध्याकाळी भाकरी खाताना लावून ठेवायचा. जुनी बॅटरी पूर्ण उतरू देऊ नको, मशीन मरते, असं कादरने त्याला बजावलं होतं. ते त्याने घरीही सांगितलं.

पुढच्या वर्षी, अळी लागणार नाही म्हणून पेरलेल्या बीटी कपाशीतच अळी शिरली. सगळेच फवारत होते. धम्मरत्नच्या अंगात फवारणीचं विष गेलं आणि पाचव्या दिवशी तो दवाखान्यात वारला.

त्यानंतर त्याच्या आई कलाबाई रोज तो आवाज ऐकू लागल्या. त्याची धाकटी बहीण सुवर्णा बटण दाबून द्यायची. नद्या, राजधान्या, कलमं; कलाबाईंना त्यातलं काही कळत नसे, पण पुढचं उत्तर त्या आधीच पुटपुटत. भाव नव्हता म्हणून उरलासुरला कापूस पुढच्या खोलीत साठवलेला होता. नाजूक वस्तू आमच्याकडे कापसातच ठेवतात. कलाबाईंनी ढिगात खळगा केला, लॅपटॉप आत ठेवला, वरून कापूस सारला आणि बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर लावूनच ठेवला.

एका दुपारी जळका वास आला. कापूस पेटला नाही, एवढंच.

कादरने मशीन उघडलं तेव्हा पंखा कापसाच्या तंतूंनी गच्च भरला होता. आतली डिस्क त्याने अकोल्याला पाठवली. ती तशीच परत आली.

"कादरभाऊ, आवाज निघन ना?" कलाबाईंनी विचारलं.

"नाही माय."

"तुमीच सांगतलं होतं, उतरू देऊ नोका म्हणून."

"हाव, मीच सांगतलं. त्याले हवा लागते, हे सांगाचं राह्यलं."

त्या रागावल्या नाहीत. लॅपटॉप घेतला त्या दिवशी पोरगा तुमच्याशी काय काय बोलला, तेवढं सांगा, म्हणाल्या. कादरने सांगितलं. पुढच्या बाजाराला त्या पुन्हा आल्या, त्याच्या पुढच्याही. येऊन स्टुलावर बसायच्या, ऐकायच्या आणि जायच्या.

गेल्या महिन्यात कादर माझ्या घरी आला. चहाचा कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, धम्मरत्ननं लॅपटॉप घेतला त्या दिवशी तुमी दुकानात होत्या. तुमी रोज वहीत लिहिता. मले आता आठवून नाही राह्यलं. मी मनानंच जोडून राह्यलो, अन् ते माय मान हालवते."

बिलावरून त्याने तारीख आणली होती. मी त्या वर्षाची वही काढली. पान सापडलं. सकाळचं ऊन, दूधवाल्याचा खाडा, संधिवाताचं औषध, सगळं नीट लिहिलेलं होतं. खाली दोन ओळी होत्या, त्या मी वाचल्या: "कादरकडून माउस घेतला. माझ्या पुढच्या मुलाने फार वेळ घेतला, बोलतच होता."

कादर म्हणाला, "काय बोलत होता?"

मी पान उलटून पाहिलं. मागे दुसऱ्या दिवसाची तारीख होती.