माणकांचं पदक

माझे वडील सोन्यात खडे बसवायचे. सात रस्त्याजवळच्या आमच्या छोट्या दुकानात तेव्हा दिवसभर लाखेचा गोडसर वास असायचा. दागिन्याच्या पोकळ घरात ते लाख भरत, तिच्यावर चमकदार वर्ख आणि वर्खावर खडा. मग शुद्ध सोन्याची कागदासारखी पातळ पट्टी सळईच्या टोकाने खड्याभोवती दाबत राहत. झाळणं नाही, आच नाही. दाबून दाबूनच सोनं सोन्याला धरायचं. "घाई केली की खडा रुसतो," ते म्हणायचे.

मी तिशीत असताना मंगळवेढ्याच्या एक बाई माणकांचं पदक घेऊन आल्या. नुसती कडी तुटली होती. वडील म्हणाले, "उद्या देतो. आधी खडे काढावे लागतील." बाईंना चारची एसटी गाठायची होती. वडील जेवायला घरी गेले, तेव्हा मी पदकाला ओला बोळा गुंडाळला आणि कडी झाळायला तिच्यावर गॅसची ज्योत धरली. आच आत शिरली. लाख उकळून वर आली, दोन माणकं उडाली, बाकीच्यांखालचा वर्ख काळा पडला.

वडील परतले. त्यांनी पदक पाहिलं, मग मला पाहिलं. तेवढ्यात बाई दारात.

"माझ्या हातून झालं, ताई," वडील म्हणाले. "होतं तसं करून देतो."

"दिसत न्हाय तर हात कशाला घालता, आजोबा? सासूबाईंची येवढीच वस्तू हुती की माज्याकडं!"

मी उडालेली माणकं शोधायला खाली वाकलो. वडिलांनी महिनाभर बसून पदक पहिल्यासारखं केलं. पण मंगळवेढ्याहून पुन्हा कुणी खड्यांचं काम आणलं नाही. त्यांची बरीचशी गिऱ्हाइकं तिथलीच. वर्षभरात त्यांनी सळयांना तेल लावून त्या फडक्यात बांधून ठेवल्या.

वडील जाऊन आता सहा वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्या बाई नातीच्या लग्नाच्या खरेदीला आल्या, पदक गळ्यात घालून. मी सांगून टाकलं.

"मी गावभर सांगितलं की, म्हाताऱ्याला दिसत न्हाय म्हणून," बाई म्हणाल्या. "तुमी तवाच का न्हाय बोलला?"

"भ्यालो."

त्यांनी पदक काढून पुढ्यात ठेवलं. एक माणिक हलत होतं. "बसवा मग. तुमी त्येंचंच पोरगं की."

मला ते काम येत नाही. त्या दिवसानंतर वडिलांच्या शेजारी बसायचं मी टाळतच गेलो. तेही सांगितलं. बाईंनी पदक रुमालात बांधलं आणि दुसरं कुणी हे काम करतं का, विचारलं. मला एकही नाव सांगता आलं नाही.