शेवटच्याचा समालोचक

जिंकणाऱ्याकडे पाठ करून शर्यत सांगणारा समालोचक अख्ख्या दुनियेत एकच असेल, आणि तो नेमका माझा मामेभाऊ निघावा! तरुणपणी तो लांब पल्ल्याचा धावपटू. शर्यतींच्या निमित्तानं देशभर हिंडला. पदकं बेताचीच आणली. पण मुलखामुलखातल्या मैदानांवरचे भोंगे कसे बोलतात, ते मात्र हुबेहूब उचलून आणलं. पुढे गुडघ्यानं दगा दिला, तसा यानं माइक धरला. आता वाशीम जिल्ह्यात शाळेची शर्यत असो की कबड्डी, हा मोबाइल स्टँडवर लावून सगळं थेट दाखवतो. लक्ष मात्र सगळं शेवटच्यावर. एकदा केनवडला एसटी सुटली आणि मी मागून धावत होतो. हा आत बसलेला. गाडी थांबवायची सोडून खिडकीतून गर्जतो, "आमचे भाऊ येऊन राह्यले! पिशवी डाव्या हातात, चप्पल सुटली, पन हिंमत सुटली नाई!" कंडक्टरनं हसत हसत घंटी मारली म्हणून चढलो. रिसोडपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.

गेल्या हिवाळ्यात एका क्रीडावाहिनीनं त्याला आजमावून पाहायचं ठरवलं. मानोऱ्याची मुलींची शर्यत नीट सांगितली, की पक्की नोकरी. वहिनीनं देवापुढे साखर ठेवली. मी बजावलं, "पहिल्या तिघींबद्दलच बोलजो."

"बोलतो ना बे!"

बोललाही, आणि काय झकास बोलला! तिघी पोचल्या, वाहिनीवाल्यांनी आवरायची खूण केली. पण तांड्यावरची एक पोरगी अजून अर्धी फेरी मागे होती. पठ्ठ्यानं माइक सोडलाच नाही. तिचं नाव, तिच्या मायचं नाव, तांड्याचं नाव, सगळं घेत तिला रेषेपर्यंत आणली. नोकरी तिथंच गेली.

मी भडकलो. "काहून रे बाप्पा? जरा वेळ तोंड बंद ठेवता नाही आलं?"

"तिचे मायबाप ऊसतोडीले गेले. फडात फोन धरून बसले व्हते," तो म्हणाला. मग हळूच, "मी एकदा लय दूर धावाले गेलतो. शेवटी पोचलो, तं भोंगा बंद करून लोकं निंगाले व्हते. घरी मायनं इचारलं, नाव पुकारलं काय रे तुयं? मी हो म्हनलो."



मामी आता नाही. परवा सामने संपून मैदान रिकामं झालं, तेव्हा तो सवयीनं दुखरा गुडघा सांभाळत एक फेरी मारत होता. माइक चालूच होता. मी उचलला आणि मामीच्या नावासकट त्याचं नाव पुकारलं.

तो लांबूनच ओरडला, "आवाज वाढव ना बे!"