सोफा कुठे येणार

राहनाळच्या आमच्या घरावर दुसरा मजला चढला तेव्हा नवऱ्याने एक खोली आधीच अडवून ठेवली, होम थिएटरसाठी. मी म्हटलं, "अहो, पाहुण्यांच्या गाद्या ठेवायला धड जागा नाही आणि तुम्हाला थिएटर सुचतंय." पण आमच्या गावात कोणाला आवाजाचा नाद लागला की त्याला देवही आवरू शकत नाही. हळदीला डीजे वाजला नाही तर नवरदेवाला हळद लागली, असं इथे कोणी मानतच नाही. मीही फार ताणून धरलं नाही. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात सासूबाई होत्या.

दोन-तीन वर्षांपूर्वी आईंचा डावा कान पार गेला आणि उजव्याला कमी ऐकू यायला लागलं. मशीन आणलं, तर ते कानात शिट्ट्या घालतं म्हणून काढून ठेवलं ते ठेवलंच. बाई मूळची बोलकी. कोणाची सून कोणाशी का भांडली, याची पार वडपे गावापर्यंतची खबर त्यांच्याकडे असायची. आता घरात अर्धा तास गप्पा रंगायच्या आणि शेवटी कोणीतरी त्यांच्या कानाशी ओरडायचं, "लग्न मोडलं." कोणी मोडलं, का मोडलं, मधली सगळी गंमत गुल. हळूहळू त्या विचारेनाशाच झाल्या. भरल्या घरात एक माणूस एकटं पडत चाललं होतं आणि मला त्याची भीती वाटायची. म्हटलं, त्या स्पीकरच्या डब्यांमुळे निदान पिक्चर तरी आमच्याबरोबर बसून बघतील, तर गाद्या माझ्या डोक्यावर ठेवा.

स्पीकर आले त्या दिवशी दीर मदतीला धावले. हळदींमध्ये डीजेच्या मागे उभं राहून आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी दोन मोठे स्पीकर सरळ खिडकीकडे तोंड करून उभे केले. का, तर गावाला कळायला पाहिजे. कल्याणहून आलेल्या फिटिंगवाल्याने कपाळाला हात लावला. "भाई, ये मंडप नहीं है. पहले ये बोलो, सोफा किधर आएगा?"

मग त्याने समजावून सांगितलं. सगळी मापं सोफ्यापासून घ्यायची. टीव्हीखाली मधला स्पीकर, माणसांचं बोलणं त्यातून येणार. दोन बाजूंना दोन. आणि उरलेले दोन सोफ्याच्या जरा मागे, डाव्या-उजव्या भिंतींना, कानापेक्षा थोडे वर. पाऊस, गाड्या, पावलं, सगळं त्यांतून. शेवटी सोफ्यावर एक छोटा माइक ठेवून त्याने आवाज जुळवून घेतले. काम चोख होतं, त्यात वाद नाही.

पहिला खेळ रविवारी दुपारी. पुरुष सोफ्यावर, जाऊ आणि मी खुर्च्यांवर. आणि आई? त्या मागे दाराशी, जमिनीवर, भिंतीला टेकून. आमच्याकडच्या जुन्या बायका दाराशीच बसतात. साखरपुडा असो की टीव्ही, दाराशी बसलं की चहापाण्याला पटकन उठता येतं. तसं कोणी सांगत नाही, पण चुकतही कोणी नाही. टीव्ही लांब, त्यांच्या डाव्या हाताला, म्हणजे गेलेल्या कानाकडे. आणि उजव्या कानावर बरोब्बर मागचा स्पीकर.

पिक्चरमध्ये कोणीतरी बूट वाजवत आलं, तशा आई उठून जिन्यात डोकावून आल्या. थोड्या वेळाने पुन्हा गेल्या. मध्यंतरात नवऱ्याने कानाशी वाकून विचारलं, "आई, कसा हाय पिक्चर?"

"पाऊस लय पडतंय," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या पिक्चरमधी कोनी बोलत न्हाय काय?"

सगळे खो खो हसले. मीही हसले, आणि मग माझा जीव तुटला. एवढा खटाटोप करून आईंच्या वाट्याला नुसता पाऊस आणि बूट.

नवऱ्याने त्यांना सोफ्यावर बोलावलं. "मी काय पावनी हाय?" म्हणत त्या बसल्या. जरा वेळ अवघडून राहिल्या, मग कोणाला तरी पाणी हवं झालं आणि परत दाराशी. नवऱ्याने आवाज वाढवला, तर खिडक्यांच्या काचा थरथरायला लागल्या आणि मागे पाऊस तेवढा जोरात पडायला लागला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "आई हलणार नाहीत. खोली हलवा."

फिटिंगवाला परत आला. "मॅडम, दरवाज़े के पास टीव्ही कौन लगाता है?"

"हम लगाते हैं," मी म्हटलं.

टीव्ही समोरच्या भिंतीवरून दाराजवळच्या भिंतीवर आला. भिंत फोडून वायरी फिरवल्या, सोफ्याचं तोंड फिरवलं, मागचे स्पीकर पार पलीकडे गेले. मधला स्पीकर बुटक्या स्टुलावर, आईंच्या उजव्या कानापासून दोन हातांवर. दार आता पूर्ण उघडत नाही, धमधम आवाजाच्या वूफरच्या डब्याला आपटतं. माइक कुठे ठेवायचा असं त्याने विचारलं, तर मी आईंची जागा दाखवली. त्याने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "ती बोलते तसं कर, बाबा. मला जेवायचंय घरी."

पुढच्या रविवारी एक विनोदी पिक्चर लावला, दोन घरांच्या भांडणाचा. सोफ्यावरून कुरबुर चालू होती की आवाज एका बाजूला जातोय. आई गप्प बसून बघत होत्या. मला काही अंदाज येईना. ऐकू येतंय की नुसत्या बघतायत? विचारायचा धीर होत नव्हता. मध्येच दिरांनी सवयीने मोठ्याने हाक मारली, "आई, चहा टाक ना."

आईंनी मानही वळवली नाही. "आता न्हाय. यो खोटा बोलतोय आनि त्याची बायको दारामागून आयकते. गप रावा सगली."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं नाही, तसंच राहू दिलं. नवरा मुकाट्याने उठला आणि चहाला गेला. ट्रे घेऊन आला तो नेमका टीव्हीसमोर उभा राहिला.

"बाजूला हो," आई म्हणाल्या. मग त्याच्या हातून कप घेतला, त्याला शेजारी जमिनीवर बसवलं आणि तो चहा करत होता तेवढ्या वेळात कोण काय म्हणालं, कोणाची बायको का चिडली, लग्न कशावरून मोडलं, ते पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आपला आवाज किती चढलाय ते त्यांना कळत नव्हतं. उरलेला पिक्चर आमच्यापैकी कोणालाच ऐकू आला नाही.