ढाणकीचा वस्तरा आणि 'जर्मन' पाटी

जर्मन म्हणे! यवतमाळच्या जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात माझ्या वडिलांचा वस्तरा मी हौसेनं ठेवायला दिला, अन् त्याच्याखाली पाटी काय, तर 'जर्मन बनावट'! वडील जन्मभर सांगत, हा आपल्याच जिल्ह्यातल्या ढाणकी गावचा माल. संयोजक साहेब पात्यावरचे तीन ठिपके दाखवून मलाच शिकवतात, "काकाजी, हा कंपनीचा मार्क आहे. ढाणकीचा असेल तर पुरावा आणा." टाळकंच सरकलं. वस्तरा रुमालात गुंडाळला अन् दुसऱ्या दिवशी एसटी धरली.

आर्णी, महागाव, उमरखेड असा रस्ता. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना तिकीट अर्धं. ढाणकीसाठी उमरखेडला गाडी बदला, पण त्याआधी स्टँडबाहेर तर्रीपोहे खाल्ल्याशिवाय हलू नका. मी रुमाल उघडून पाहत होतो तर कंडक्टर म्हणतो, "काकाजी, हत्यार घेऊन कुठं निंगाले?"

"एका साहेबाची हजामत करायची आहे!"

ढाणकीत बाजाराच्या मागे लोहारांची दोन-चार घरं उरलीत. विचारत विचारत गयाबाई नावाच्या एका म्हातारीच्या दारात पोचलो. नजर अधू झालेली. वस्तरा हातात घेऊन त्यांनी अंगठ्यानं ठिपके चाचपले.

"हा त माह्या हातचा हाय."

चहा आणणारा त्यांचा मुलगा विठ्ठल थबकला. "माय, काहीबी काय सांगून राह्यली? बाबानं केला तो. पाव्हण्यायले काय वाटन!"

"तुहा बाप भाता ओढे," म्हातारी कडाडली. "लय चांगला ओढे. घण म्या मारला, पाणी म्या पाजलं. आपल्या घरात ज्यानं तापल्या पोलादाले पाणी पाजून धार पक्की केली, ठिपके त्याचे. त्यानं केलं त दोन, म्या केलं त तीन. इसरला काय?"

तिनं घरातली विळी पुढं सरकवली. पात्यावर तेच तीन ठिपके. विठ्ठल कपबशीकडे पाहत बसला. मी विळीचा फोटो काढला.

निघताना तिनं माझं मनगट धरलं. "भाऊ, तिथं माहं नाव लिहान काय? लोहाराची बायको नका लिहू. गया लिहा."

"उभा राहून लिहून घेतो," म्हटलं.

यवतमाळला येऊन वस्तरा पुन्हा जागेवर ठेवला. साहेबांनी फोटो पाहिला, सगळं ऐकलं अन् हसले. "गोष्ट छान आहे, काकाजी. पण जर्मन म्हटलं की लोक थांबतात हो. ढाणकीची बाई म्हटल्यावर कोण थांबेल?"

म्हणजे पुरावा मागायचा, अन् आणला की हसायचं! माझा आवाज एवढा चढला की अख्खा हॉल थांबला. वस्तरा उचलला अन् तरातरा यवतमाळजवळच्या लोहारा गावी माझ्या घरी आलो. मोठ्या ऐटीत विठ्ठलला फोन लावला, म्हटलं आईला दे.

तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "उचलून आणला? मंग आता त्याले कोण पाह्यते?"

फोन ठेवला अन् हे लिहायला बसलो. तिथं लागली नाही ती पाटी इथं लावतो: हा वस्तरा गयानं घडवला. गाव ढाणकी. ज्याला पाहायचा असेल त्यानं लोहाऱ्याला आमच्या घरी यावं. येताना दाढी वाढवून या.