पंचवीस-पंचवीस

चाकणला एका कंपनीत मी तपासणीला आहे. मोजमापं घ्यायची आणि लाइनवरच्या लोकांनी भरलेले तक्ते बघायचे, हे काम. तक्ता फार सरळ दिसला की माझं डोकं फिरतं. मशिन काय देव आहे, दर वेळी बरोब्बर तेवढंच द्यायला? असे तक्ते चहा पिता पिता भरतात, हे मला पक्कं ठाऊक. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही भरलेत. एकदा थोडं जास्त, एकदा थोडं कमी, परत जास्त, परत कमी. साहेबांनी दोन ओळींतच पकडलं होतं.

त्या दिवशी फर्स्ट शिफ्ट करून निघोज्याला घरी आले, तर सातवीतली लेक गृहपाठ संपवून बसलेली. नाणं पन्नास वेळा उडवायचं, काय पडलं ते लिहायचं आणि पुस्तकाशी ताडून बघायचं. पुस्तक म्हणतं, छापा-काट्याची शक्यता निम्मी-निम्मी. हिची बेरीज छापा पंचवीस, काटा पंचवीस.

"बाईसाहेब, नाणं उडवलं की नुसती पेन्सिल चालवली?"

"उडवलं गं. खरंच."

"मला शेंड्या लावू नकोस. असले तक्ते पकडण्यातच माझी इतकी वर्षं गेलीत."

ती रडली नाही. खोडरबर हातात घेतलं आणि म्हणाली, "सव्वीस-चोवीस करू का? मग पटेल तुला?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. खरं लिहिणाऱ्या पोरीला मीच खोटं लिहायला लावत होते. एवढी लाज मला साहेबांपुढेही वाटली नव्हती.

वही ओढून घेतली आणि बेरीज सोडून वरच्या ओळी वाचल्या. मधेच सलग सात काटे.

"हे गं काय?"

"मलाही वाटलं नाणंच बिघडलं. आता छापा पडेल, आता पडेल म्हणत उडवत राहिले."

मनानं लिहिणाऱ्याची सलग सात काटे लिहायची छाती होत नाही. माझी झाली नव्हती.

"चुकले मी," म्हटलं. "निम्मं हा पुस्तकाचा अंदाज. हातानं उडवलं की त्याच्या आगेमागे काहीही येतं. कधी बरोब्बर निम्मंसुद्धा येतं, हे मीच विसरले."

मग दोघींनी आणखी पन्नास वेळा उडवलं. नाणं दोनदा सोफ्याखाली गेलं. या वेळी छापा एकवीसच. शंभरात मिळून शेहेचाळीस. तिला भारी मजा वाटली आणि मलाही. कंपनीत मोजून मोजून कंटाळलेली बाई घरी मोजत बसली होती.

"कुठलं लिहू?"

"दोन्ही लिही."

तिनं लिहिलं. मग पहिल्या तक्त्याखाली बोट ठेवून म्हणाली, "तुमच्यात तपासल्याची सही करतात ना? कर."

मी पंचवीस-पंचवीसच्या खाली सही केली.

"तारीख पण टाक," ती म्हणाली.